मागणीपत्रातील तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञान हा शब्द आमच्या वऱ्हाडात पुष्कळदा कानी पडतो. परंतु तो ज्या जागी कानी पडतो त्या जागा ठरलेल्या आहेत. कीर्तनाच्या पूर्वरंगात तो येतो. तेराव्याच्या दिवशी समाचाराला आलेल्या वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडी तो येतो. गारपिटीने गहू झोपला म्हणजे पारावर बसलेली मंडळी तत्त्वज्ञानाचे दोन शब्द बोलून उठतात. मात्र बाजारात, कारखान्याच्या दारात, लग्नाच्या बैठकीत किंवा पगाराच्या दिवशी हा शब्द कोणी उच्चारीत नाही. यावरून लोकांची समजूत अशी दिसते की, माणसाचा इलाज जेथे खुंटतो तेथे तत्त्वज्ञान सुरू होते, आणि इलाज चालतो तेथे नुसता व्यवहार पुरे होतो.

ही समजूत तपासून पाहावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही काही विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेले नाही. आमचे शिक्षण नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार संघटनेच्या कचेरीत, अर्जांचे मसुदे करता करता झाले. परंतु त्या अर्जांनीच आम्हांस एक गोष्ट शिकविली. ती अशी की, कोणताही मनुष्य तत्त्वज्ञानावाचून जगत नाही. ‘माप असेच असते’ असे जो म्हणतो, तो न्यायाविषयी एक सिद्धान्त मांडतो. ‘बाईमाणसाची मजुरी कमीच असायची’ असे जो म्हणतो, तो माणसामाणसांतील समतेविषयी मत देतो. ‘हात गेला तो नशिबाने गेला’ असे जो म्हणतो, तो कार्यकारणभावावर बोलतो. हे सिद्धान्त आपण कोणी निवडून घेतलेले नसतात. ते अंगावरच्या जुन्या सदऱ्यासारखे वापरात असतात. तेव्हा आपल्याला तत्त्वज्ञान हवे की नको, हा प्रश्नच उरत नाही. आपण वापरतो ते खरे आहे की खोटे, हे आपण कधी विचारतो काय, एवढाच प्रश्न आहे. हा प्रश्न विचारणाऱ्या काही माणसांचा इतिहास महाराष्ट्रात घडला, आणि त्या इतिहासाची एक वाट आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून गेली आहे.

आरंभ आमच्याच बाजारापासून करू. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८७० साली जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. त्या प्रसंगासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने खामगावास आले होते. खामगावचा कापूस-बाजार तेव्हा वऱ्हाडात पहिल्या प्रतीचा समजला जाई. सरकी काढणारी व गाठी बांधणारी वाफेची यंत्रे आली, पेढ्या आल्या, दलाल आले. आणि ज्या प्रांतातून कापसाच्या गाठी आगगाडीने बंदराकडे जात, त्याच प्रांतात १८९९-१९०० च्या दुष्काळात माणसे अन्नाला महाग झाली.

या बाजारात कोणते तत्त्वज्ञान चालत होते? कास्तकाराची गाडी बाजारात शिरली की तिच्या मालातून कडता निघे, मापाई निघे, हमाली व दलाली निघे, आणि वर धर्मादाय निघे. या शेवटच्या बाबीकडे श्रोत्यांनी लक्ष द्यावे. धर्मादाय म्हणजे दान. दान करणाऱ्याने ते आपल्या गाठचे करावे, हे लहान मुलालाही कळते. परंतु बाजाराची रीत अशी की, रक्कम कास्तकाराच्या मालातून कापायची आणि दानाचे पुण्य व नाव पेढीला लागायचे. कास्तकार विचारीत नसे. कारण ‘बाजाराची रीतच अशी आहे’ हा सिद्धान्त त्याच्याही अंगवळणी पडलेला होता. १८८६ साली कारंजा येथे सरकारी नियमांखालचा बाजार सुरू झाला व १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला, तेव्हा कोठे तोलणाऱ्यांना परवाने आणि आकारण्यांना मर्यादा आली. हिंदुस्थानात अशा नियंत्रणाचा पहिला धडा आमच्या वऱ्हाडने घातला, याचा अभिमान आपण जरूर बाळगावा. पण हेही लक्षात ठेवावे की, त्या कायद्याने नेमलेल्या बाजार समित्यांत कापूस पिकविणाऱ्याला हक्काची जागा नव्हती. तराजू सुधारला, पण तराजूपाशी कोणी उभे राहायचे हा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न ज्याने सर्वांत निर्भयपणे विचारला, त्याच्याकडे वळण्यापूर्वी दूरदेशीच्या एका माणसाची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव थॉमस पेन. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला ज्याच्या लेखणीने बळ दिले आणि १७९१ साली ज्याने ‘मानवाचे हक्क’ या विषयावर ग्रंथ लिहिला, तो हाच. विद्वान त्याला राजकीय तत्त्ववेत्ता म्हणतात, आणि ते रास्तच आहे. परंतु हा गृहस्थ मूळचा स्त्रियांच्या काचोळ्या शिवणारा कारागीर; पुढे तो जकात खात्यात लहानसा नोकर झाला. १७७२ साली त्याने आपले पहिले महत्त्वाचे लेखन केले. ते कशावर होते? जकात खात्यातील नोकरांचा पगार वाढवावा, या मागणीवर! अल्प वेतन दिले म्हणजे प्रामाणिक मनुष्यही लाचेच्या मोहात कसा सापडतो, हे त्याने त्या अर्जात दाखविले. आमच्या संघटनेतील मंडळींना आम्ही हे आवर्जून सांगत असतो. पगाराचा अर्ज लिहिताना ‘माणसाची किंमत काय’ हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला, आणि एकोणीस वर्षांनी त्याच प्रश्नाचा ग्रंथ झाला.

तो ग्रंथ १८४७ च्या सुमारास पुण्यात एका वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती पडला. जोतीराव फुले हे ते तरुण होत. जोतीरावांचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे. आम्ही त्यातील एकच सूत्र येथे धरतो. या माणसाने जे जे मानले, ते ते लगेच घरात, व्यवहारात आणि रस्त्यावर आणून पाहिले. स्त्रीला शिकण्याचा अधिकार आहे असे मानले, तेव्हा प्रथम पत्नीला शिकविले व १८४८ साली मुलींची शाळा काढली. पाणी सर्वांचे आहे असे मानले, तेव्हा १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. त्यांनी बांधकामाचे ठेके घेतले, खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर मजूर पाहिले, नगरपालिकेत सभासद म्हणून काम केले. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्याला शेतकऱ्याचे कर्ज, कोर्टाचा खर्च आणि बैलांची उपासमार यांचा हिशेब तोंडपाठ होता. त्याचे तत्त्वज्ञान हवेतून आलेले नव्हते.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन झाला. या नावातच त्याची पद्धत आहे. ‘सत्य आमच्यापाशी आहे’ असे हे नाव म्हणत नाही. ‘आम्ही सत्य शोधणार’ असे म्हणते. शोधायचे म्हणजे विचारायचे. आणि विचारायचे कोठे? त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला समाजाने पुरोहितावाचून पहिला विवाह लावला. लग्नासारखा रोजच्या संसाराचा पाया घालणारा प्रसंग, आणि त्यात म्हटले जाणारे शब्द वधूवरांना कळत नाहीत, ही गोष्ट खरी कशी असेल, असा तो प्रश्न होता. तेव्हा वधूवरांनी एकमेकांना कळतील अशा शब्दांत वचने द्यावीत असे ठरले, आणि त्यांत स्त्रीच्या हक्कांची गोष्टही आली. आज या गोष्टीचे नवल वाटणार नाही. पण भटजीवाचून लग्न म्हणजे लग्नच नव्हे, असे गाव ज्या काळी म्हणत होते त्या काळी ही मंडळी मांडवात उभी राहिली. तत्त्वाची किंमत मांडवात द्यावी लागते, ग्रंथालयात नव्हे.

१८८८ साली जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. ते प्रश्नोत्तरांच्या रूपाने लिहिलेले आहे. त्यातील एक विचार तर आजही कित्येकांच्या पचनी पडणार नाही. एकाच कुटुंबात पत्नीने बौद्ध धर्म स्वीकारला, पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, मुलीने इस्लाम व मुलाने सत्यधर्म स्वीकारला, तरी त्या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने एका घरात राहावे, असे जोतीराव सांगतात. धर्मावर मोठमोठे ग्रंथ झाले आहेत; पण धर्माची परीक्षा एका घरात, चार माणसांत आणि एका चुलीपाशी घेणारा असा लेखक आम्हांस दुसरा आढळला नाही.

आता ही विचारधारा कारखान्यात कशी शिरली ते पाहू. जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. मुंबईच्या एका गिरणीत ते भांडारपालाचे काम करीत. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचे पत्र मुंबईहून चालविले. गिरणीतला दिवस तेव्हा उजेडाबरोबर सुरू होई आणि उजेडाबरोबर संपे. उन्हाळ्यात तो हिवाळ्यापेक्षा लांबे. आठवड्याच्या सुटीचा नियम नव्हता. सणाला गिरणी बंद राहिली तर राहिली. पुष्कळदा त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी बोलावणे येई. जेवणासाठी यंत्र थांबेलच असे नव्हते. केलेल्या कामाचा पगार केव्हा मिळेल याचा भरवसा नव्हता.

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे मागणीपत्र सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यांतील मागण्या अशा: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पुरी सुटी असावी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, आणि कामावर इजा झाली तर मनुष्य बरा होईपर्यंत वेतन मिळावे व कायमचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी.

विद्वान मंडळी या कागदाला अर्थशास्त्राच्या दप्तरात बांधून ठेवतात. आम्हांस तो तत्त्वज्ञानाचा कागद वाटतो, आणि का वाटतो ते सांगतो. सुटीची मागणी असे म्हणते की, मनुष्याचे सगळे आयुष्य विकत घेता येत नाही. त्यातील काही भाग विक्रीला नसतोच. अर्ध्या तासाची मागणी असे म्हणते की, यंत्राला तेल आणि माणसाला भाकर या दोन गोष्टी सारख्या नाहीत. भाकर ही बसून, चवीने, दुसऱ्याशी दोन शब्द बोलत खाण्याची गोष्ट आहे. पगाराच्या तारखेची मागणी असे म्हणते की, दिलेला शब्द धनिकालाही बांधतो. आणि इजेच्या भरपाईची मागणी असे म्हणते की, अपघात हे प्रारब्ध नसून त्याला कारण असते, आणि ज्याच्या हाती ते कारण होते त्याच्याकडे जबाबदारी जाते. काल, देह, वचन आणि कारण! कोणत्याही दर्शनग्रंथाची प्रकरणे याहून निराळी नसतात. फरक एवढाच की, या ग्रंथाखाली साडेपाच हजार माणसांची नावे आहेत.

१८९० च्या एप्रिल महिन्यात महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. ज्या समाजाने लग्नाच्या मांडवात स्त्रीला बोलते केले, त्याच विचाराच्या माणसाने तिला कामगारांच्या सभेत बोलते केले, हे श्रोत्यांच्या ध्यानी आलेच असेल. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढल्या वर्षीच्या कारखाने कायद्यात आठवड्याची सुटी आली. जोतीराव त्याच वर्षी, १८९० च्या २८ नोव्हेंबरला निवर्तले. १८९७ च्या प्लेगात लोखंडे फेब्रुवारीत आणि सावित्रीबाई मार्चमध्ये, आजाऱ्यांची सेवा करीत असतानाच, गेल्या. या लोकांनी रोजच्या जगण्यासाठी एक तत्त्वज्ञान सांगितले, आणि मरणाच्या दारातही ते बदलले नाही.

आमच्या वऱ्हाडच्या दृष्टीने या कथेचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. मुंबईच्या गिरणीला सुटी मिळाली. खामगाव-मलकापूरच्या जिनिंगला मिळाली काय? १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्यात एक कलम होते. ज्या कारखान्यात शंभराहून कमी माणसे, किंवा जो वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालतो, त्याला हा कायदा लागू नाही. कापूस वेचून बाजारात येतो, सरकी निघते, गाठी बांधल्या जातात, आणि हंगाम सरतो. म्हणजे मुंबईत जी माणसे कायद्याच्या नजरेला माणसे होती, ती अनेक जिनिंगच्या दारात हंगामापुरती अदृश्य होत. आमच्या शेजारच्या खानदेशातील जिनिंगविषयी १८८४-८५ च्या आयोगापुढे जी हकीकत आली, ती वाचताना अंगावर काटा येतो. बाया पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत यंत्रापुढे बसत, आणि ऐन हंगामात यंत्रे रात्रंदिवस चालत. अर्धा तास विश्रांती मागण्याची गोष्ट दूरच. मागायचे कोणाकडे हेही त्या बायांस ठाऊक नव्हते.

या हंगामी कारखान्यांना कायद्याच्या कक्षेत यायला १९११ साल उजाडले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांचे तास चौपन्नावर आणले. हंगामी कारखान्यांचे मात्र साठच ठेवले. १९४८ साली, स्वराज्य आल्यावर, कारखान्यांसाठी आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरले. म्हणजे जी गोष्ट मुंबईस खरी ठरली ती आमच्याकडे खरी ठरायला एक ते दोन पिढ्यांचा उशीर झाला. रेल्वे १८७० साली आली, तार आली, कापसाचा भाव दुसऱ्या दिवशी कळू लागला. पण माणसाची किंमत काय ही बातमी त्या तारेने आली नाही. विचार आपोआप प्रवास करीत नाही. तो कोणी तरी आपल्या खांद्यावर वाहून आणावा लागतो.

तसा वाहून आणणारी माणसे आमच्या भागात झाली. चिखली हे आमच्या जिल्ह्यातील गाव. पंढरीनाथ सीतारामजी पाटील या आमच्या जिल्ह्यातील सत्यशोधक कार्यकर्त्याने, वयाच्या जेमतेम पंचविशीत, १९२७ साली महात्मा जोतीराव फुले यांचे पहिले चरित्र लिहून प्रसिद्ध केले. जोतीरावांना जाऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. पुण्यामुंबईच्या विद्वानांनी जे काम केले नव्हते, ते वऱ्हाडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने केले. जोतीरावांचे समग्र वाङ्मय सरकारने छापले ते १९६९ साली. तेव्हा मधल्या चार दशकांत खेड्यापाड्यांतील कितीतरी माणसांना जोतीराव कळले ते अशाच पुस्तकांतून आणि सत्यशोधकी जलशांतून. आमच्या जिल्ह्यातील तरुणांना सिंदखेड राजा आणि लोणार ही नावे पाठ असतात. या पुस्तकाचे नावही पाठ असावे अशी आमची इच्छा आहे.

दुसरे नाव गाडगे महाराजांचे. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. अक्षरओळख नसलेला हा मनुष्य वऱ्हाडभर कीर्तने करी, आणि त्या कीर्तनात तो सांगत नसे, विचारी. कर्ज काढून तेरावे घालावे काय? देवाला बोकड लागतो काय? समोरचे शेतकरी उत्तर देत, आणि आपल्याच उत्तराने चकित होत. ग्रीस देशात सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात हेच करीत असे. त्याने शूरांना विचारले शौर्य म्हणजे काय, आणि इतरांना विचारले न्याय म्हणजे काय. आमच्या या माणसाच्या हाती मात्र खराटा होता. रात्री कीर्तन करायचे तर दिवसा तो गावाचे रस्ते झाडून काढी, म्हणजे ऐकणाऱ्याला तत्त्व आणि व्यवहार यांत शिवण दिसू नये. १९५६ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांची पद्धत मात्र ज्याला उचलायची त्याला मोकळी आहे.

येथे कोणी सुज्ञ श्रोता आम्हांस अडवील. तो म्हणेल, “तुम्ही तत्त्वज्ञानाला भाकरीच्या पातळीवर आणता. मनाची शांती, सुखदुःखापलीकडची दृष्टी, याला तुमच्या मागणीपत्रात जागा कोठे आहे?” हा आक्षेप हसून सोडण्यासारखा नाही. त्याचे उत्तर आम्ही एका प्रसंगाने देतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका जिनिंगमध्ये एका बाईची बोटे पट्ट्यात सापडली आणि तीन बोटे गेली. आम्ही तिच्या घरी गेलो. घरात रडारड नव्हती. सारे शांत होते. बाई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, “माह्या नशिबातच होतं भाऊ. कोनाले काय बोलावं?” सासूने मान हलविली. आता ही शांती खरी होती. आम्ही तिची थट्टा करणार नाही. त्या रात्री तिला तेवढाच आधार होता. परंतु दुसऱ्या दिवशी आम्ही तीन प्रश्न विचारले. पट्ट्यावरची जाळी कोठे होती? बाई त्या दिवशी किती तासांपासून उभी होती? हजेरीच्या पुस्तकात तिचे नाव होते काय? जाळी दुरुस्तीला काढली होती आणि आठवडाभर तशीच कोपऱ्यात पडली होती. बदलीची बाई आली नाही म्हणून हिला दुसऱ्या पाळीतही ठेवून घेतले होते. आणि तिचे नाव कारखान्याच्या पुस्तकात नव्हते. ठेकेदाराच्या खिशातल्या वहीत होते. नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला होता. त्याखाली दावा झाला, बरोबरच्या अकरा बायांनी साक्ष दिली, आणि दीड वर्षाने रक्कम हाती आली. तो चेक घेताना ती बाई म्हणाली, “मंग नशीब कोनाचं होतं भाऊ, माहं का जाळीचं?”

या एका वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. एपिक्टेटस नावाचा एक प्राचीन तत्त्ववेत्ता होऊन गेला. तो जन्माने गुलाम होता. त्याची शिकवण अशी होती की, आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे मनुष्याने आधी ओळखावे. जे हाती नाही त्यासाठी जळू नये. ही शिकवण मोलाची आहे. आमच्या संतांनीही निराळ्या शब्दांत ती दिली आहे. पाऊस आमच्या हाती नाही, मरण आमच्या हाती नाही. तेथे शांतीच शोभते. पण जाळी? ती बाईच्या हाती नव्हती हे खरे. एकटीने मागितली असती तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतले नसते. परंतु बारा बायांच्या हाती ती होती. कामगार चळवळीने तत्त्वज्ञानात जर काही भर घातली असेल तर ती एवढीच: एकट्याच्या हाती जे नसते ते पुष्कळदा सर्वांच्या मिळून हाती असते. १८८४ पूर्वी रविवार हा नशिबाचा भाग होता. साडेपाच हजार सह्या झाल्या, आणि तो माणसांच्या हाती आला. नशीब आणि हक्क यांच्यामधली रेघ स्थिर नाही. ती माणसे एकत्र आली की सरकते. म्हणून आम्ही शांतीला नाही म्हणत नाही. शांती धरण्यापूर्वी रेघ कोठे आहे ते नीट पाहा, एवढेच म्हणतो.

याचा अर्थ असा नव्हे की तत्त्वज्ञान फक्त मालकाला विचारण्यासाठी आहे. तुकोबांविषयी सांगतात की, घरच्या सावकारीची खते वाटणीला आली तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली. विचार स्वतःच्या वहीपर्यंत आला म्हणजे काय होते, याचा हा दाखला आहे. आम्हां कामगारांनाही तो लागू आहे. कारखान्यात समान वेतन मागणारा कामगार घरी मुलीच्या शिक्षणाला आणि मुलाच्या शिक्षणाला समान पैसा देतो काय? समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. पण संसारातील समतेला तपासनीस नेमता येत नाही. बाजारातले हमाल संघटित झाले, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, आणि हमालांच्या चळवळीतलेच बाबा आढाव यांनी १९७२ च्या सुमारास ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम उभारली. ओझ्याचा दर आणि पाण्याचा हक्क हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने हाती घेतले, कारण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता. १८६८ चा जोतीरावांचा हौद शंभर वर्षांनी असा गावोगाव पोचत होता, आणि सर्व गावांत तो पोचला आहे असे आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आज जिनिंगच्या दारात ठेकेदार उभा आहे, आणि शहरात मोबाईलवरून हाक येताच धावणारा पोरगा उभा आहे. आठ तासांचा दिवस २०२० च्या कामगार संहितेतही लिहिलेला आहे. पण या पोराला मालक कोण, हेच ठाऊक नसते. १८८१ च्या कायद्यातील चार महिन्यांच्या कलमाने जशी माणसे अदृश्य केली होती, तशी निराळ्या रीतीने ती आजही होतात. म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही.

व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर काय करावे, असे श्रोते विचारतात. आम्ही मोठे काही सुचवीत नाही. उद्या दिवसभरात आपण किती वेळा ‘असेच असते’ असे म्हणतो ते मोजावे. त्यांपैकी एक जागा निवडावी. मग ती घरकामाच्या बाईची सुटी असो, दुकानातल्या पोराचे तास असोत, लग्नातला देण्याघेण्याचा हिशेब असो. तेथे थांबून तीन प्रश्न करावे: हे खरे आहे काय? हे कोणाच्या सोयीचे आहे? आणि हे बदलणे माझ्या एकट्याच्या हाती नसेल तर कोणाकोणाच्या मिळून हाती आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की शेजाऱ्याचे दार ठोठवावे. लोखंड्यांच्या कागदावरही पहिली सही एकाच माणसाने केली असेल. बाकीच्या त्यानंतर आल्या.